हिमपादुका आणि अ‍ॅलनची न मळलेली वाट

कळसूबाईची उंची ५,४०० फूट आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचे सर्वोच्च शिखर माउंट मार्सी याची ५,३४४ फूट. आकड्यांच्या हिशेबाने मार्सी कळसूबाईपेक्षा किंचित ठेंगणे भरते. मात्र कळसूबाई विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेएकोणीस अंशांवर आहे, तर मार्सी चव्वेचाळीस अंशांवर. एवढ्या एका फरकामुळे डिसेंबर ते मार्चच्या काळात मार्सीच्या परिसरातील डोंगरांवर माणसाच्या कमरेइतका, काही ठिकाणी त्याहून अधिक बर्फ साठतो, पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात दिवसभरात सहज होणारी चढाई अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. अशा दिवसांत या डोंगरांत हिंडण्याचे साधन म्हणजे ‘स्नोशू’. मराठीत त्याला हिमपादुका म्हणावयास हरकत नाही.

न्यूयॉर्क म्हटले की गगनचुंबी इमारतींचे शहर नजरेसमोर येते. त्या शहरापासून मोटारीने सुमारे पाच तास उत्तरेला गेले की अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वताचा प्रदेश लागतो. १८९२ साली येथे उद्यान घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ६० लाख एकर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपट आहे. यातील सरकारी मालकीची वनजमीन कायम वन्य स्थितीतच ठेवली जाईल, अशी तरतूद १८९४ मध्ये थेट राज्यघटनेत करण्यात आली. जंगलाला राज्यघटनेचे संरक्षण मिळण्याची उदाहरणे जगात फारशी नाहीत. त्यामुळे या डोंगरांत शिखरापर्यंत जाणारे डांबरी रस्ते, दोरवाटा आणि चहाच्या टपऱ्या जवळजवळ नाहीतच.

येथील चार हजार फुटांवरची ४६ शिखरे सर करण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. रॉबर्ट आणि जॉर्ज मार्शल हे भाऊ आणि त्यांचे वाटाडे हर्बर्ट क्लार्क यांनी १९१८ मध्ये व्हाइटफेस शिखरापासून आरंभ करून १९२५ मध्ये ही यादी पूर्ण केली. हाच रॉबर्ट मार्शल पुढे १९३५ मध्ये ‘वाइल्डरनेस सोसायटी’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला. नंतरच्या मोजण्यांत यादीतील चार शिखरे चार हजार फुटांपेक्षा कमी असल्याचे आढळले, पण परंपरा म्हणून यादी बदलली नाही. ती पूर्ण करणाऱ्यांची नोंद ‘अ‍ॅडिरॉन्डॅक फोर्टीसिक्सर्स’ ही संस्था ठेवते आणि त्यांची संख्या आता दहा हजारांच्या पुढे गेली आहे. सर्व ४६ शिखरे हिवाळ्यात, म्हणजे २१ डिसेंबर ते २१ मार्च या काळात चढणाऱ्यांची नोंद वेगळी होते आणि तो आकडा त्या मानाने फारच लहान आहे.

या यादीत अ‍ॅलन नावाचे एक शिखर आहे. उंची सुमारे ४,३४० फूट, म्हणजे यादीत मधल्या फळीतली. मार्सीच्या दक्षिणेला ते काहीसे एकाकी उभे आहे. माथ्यावर झाडी असल्याने चहूबाजूंचा देखावा दिसत नाही. जवळच्या मोकळ्या कड्यांवरून मात्र स्कायलाइट आणि मार्सी ही शिखरे समोरासमोर येतात. जाऊन-येऊन अंतर सुमारे १८ मैल, म्हणजे २९ किलोमीटर. वाटेत हडसन आणि ओपलेसेंट या दोन नद्या ओलांडाव्या लागतात. पहिले काही मैल अधिकृत पायवाट असते. ती सोडल्यानंतर शिखरापर्यंत खुणांच्या पट्ट्या नसलेली, केवळ माणसांच्या वावराने तयार झालेली वाट आहे. अशा वाटांच्या शिखरांवर पूर्वी धातूचे डबे ठेवलेले असत आणि त्यांतील वहीत चढणारे आपले नाव लिहीत. अरण्यात मानवी खुणा नकोत म्हणून या शतकाच्या सुरुवातीला हे डबे काढण्यात आले. यादी पूर्ण करावयाची नसती तर अ‍ॅलनच्या वाटेला फारसे कोणी गेले नसते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. आणि म्हणूनच हिवाळ्यात या शिखराची वाट बहुतेक वेळा न मळलेली असते.

चढाईचा आरंभ होतो तो परिसर इतिहासाच्या दृष्टीने ओसाड नव्हे. जवळच टहॉस हे उजाड खाणगाव आहे. एकोणिसाव्या शतकात येथे लोखंडाचा कारखाना उभा राहिला आणि १८५४ मध्ये बांधलेली त्याची दगडी भट्टी रस्त्याच्या कडेला अजून उभी आहे. खनिजातील एका अशुद्धीमुळे लोखंड शुद्ध करणे अवघड जाई. कारखाना बंद पडण्याच्या कारणांत तिचा वाटा होता. ही अशुद्धी म्हणजे टायटॅनियम, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच टायटॅनियमसाठी येथे पुन्हा खाण सुरू झाली. सप्टेंबर १९०१ मध्ये तत्कालीन उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मार्सीवर गेले असता, गोळी लागलेले अध्यक्ष मॅकिन्ले अत्यवस्थ असल्याचा निरोप त्यांना डोंगरातच मिळाला. येथूनच ते रात्रीच्या अंधारात घोडागाडीने नॉर्थ क्रीकच्या रेल्वे स्थानकाकडे निघाले आणि पहाटे तेथे पोहोचले तेव्हा ते अध्यक्ष झालेले होते.

हिमपादुकेचे तत्त्व साधे आहे. पाठपिशवीसह ८० किलो भरणारा माणूस एका पायावर उभा राहिला तर बुटाच्या सुमारे २५० चौरस सेंटिमीटर तळव्यातून हा सारा भार बर्फावर येतो. हिमपादुकेचे क्षेत्र हजार-अकराशे चौरस सेंटिमीटर असल्याने तेवढ्याच भाराचा दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. बूट घालून मांडीपर्यंत रुतणारा माणूस हिमपादुका घालून घोटाभर किंवा नडगीपर्यंत रुततो. तो बर्फावर तरंगत चालतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. ताज्या भुसभुशीत बर्फात पाय रुततोच, फक्त तो पुन्हा वर काढता येतो.

हे साधन फार प्राचीन आहे. इटलीच्या दक्षिण टायरॉल भागात तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरील हिमनदीच्या परिसरात २००३ मध्ये बर्च लाकडाची एक हिमपादुका सापडली. ती सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीची असल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी जमातींनी हे साधन पूर्णत्वास नेले. अ‍ॅश लाकडाची वाकवलेली चौकट आणि तीत कच्च्या कातड्याच्या पट्ट्यांची वीण अशी त्यांची रचना असे. जंगलासाठी आखूड व रुंद, तर मोकळ्या मैदानासाठी लांब व निमुळता, असे आकारही ठरलेले होते. युरोपियनांनी हे तंत्र त्यांच्याकडून उचलले. मार्च १७५८ मध्ये लेक जॉर्जजवळ, म्हणजे अ‍ॅडिरॉन्डॅकच्याच सीमेवर, ब्रिटिश बाजूच्या रॉबर्ट रॉजर्स यांच्या तुकडीची फ्रेंच व त्यांचे मूलनिवासी मित्र यांच्याशी झालेली चकमक ‘हिमपादुकांवरची लढाई’ म्हणूनच ओळखली जाते. १९७० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी आल्या, नंतर टणक प्लॅस्टिकचे एकसंध तळ आले. डोंगरचढाईच्या दृष्टीने खरा बदल तळाखालच्या पोलादी दातांनी घडवला. लाकडी हिमपादुका उतारावर घसरत, दातांची हिमपादुका कठीण बर्फात रुतून पकड घेते. टाचेखाली उभी करता येणारी तारेची कडी ही आणखी एक उपयुक्त सोय आहे. तिच्यामुळे खड्या चढावर टाच उचललेली राहते आणि पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो.

अ‍ॅडिरॉन्डॅकच्या उंच शिखरांच्या अरण्यक्षेत्रात बर्फाची जाडी आठ इंच किंवा अधिक असेल तेव्हा हिमपादुका किंवा स्की वापरणे नियमाने बंधनकारक आहे. नवख्याला हा नियम जाचक वाटतो. माझे पाय रुतले तर माझे रुतले, सरकारला त्याचे काय, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. कारण बर्फाच्या स्वभावात आहे. दाबलेल्या बर्फाचे कण काही तासांत एकमेकांना चिकटतात आणि गोठून टणक होतात. चार जण हिमपादुका घालून गेले की दुसऱ्या सकाळी त्यांच्यामागे फरसबंदीसारखी पक्की वाट तयार असते. तेच चार जण नुसत्या बुटांनी गेले तर मागे उरतात ते गुडघाभर खोल, रात्रीत दगडासारखे कडक झालेले खड्डे. मागून येणाऱ्याचा घोटा मुरगळण्यासाठी किंवा पाय मोडण्यासाठी यापेक्षा चांगली व्यवस्था नाही. वसंत ऋतूत कडेचा सैल बर्फ आधी वितळतो आणि मधली दाबलेली वाट अरुंद बांधासारखी उंच उरते. तिच्यावरून पाऊल जरा बाजूला पडले की माणूस कमरेपर्यंत आत जातो.

वाट मळलेली आहे की नाही, यावर हिवाळी चढाईचे सारे गणित अवलंबून असते. महाराष्ट्रातील अनेक ट्रेकर डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडमधील केदारकांठ्यावर जातात. हे शिखर अ‍ॅलनच्या जवळजवळ तिप्पट उंच आहे आणि तेथेही भरपूर बर्फ असतो. पण तेथे रोज शेकडो पावले पडत असल्याने वाट पक्की मळलेली असते. बुटांना लावण्याचे दाते आणि गेटर्स भाड्याने घेतले की सहसा भागते. अ‍ॅलनवर तशी शाश्वती नसते. आठवड्यापूर्वी कोणी गेले असेल आणि त्यानंतर फूटभर बर्फ पडला असेल, तर ती वाट नसल्यातच जमा. मळलेल्या वाटेवर ताशी दोन मैल चालणारा गट ताज्या बर्फात ताशी एक मैलही चालू शकत नाही, आणि खड्या चढावर तर तासाचे अंतर काही शे यार्डांवर येते.

या कामाला तेथील डोंगरी बोलीत ‘वाट फोडणे’ म्हणतात. पुढचा माणूस दर पावलाला गुडघा उचलतो, हिमपादुका बर्फावर ठेवतो, भार देऊन बर्फ दाबतो आणि मगच दुसरा पाय टाकतो. मागच्यांना त्याच्या ठशांतून चालावयाचे असते. सर्वांत पुढच्याचे श्रम शेवटच्याच्या श्रमांच्या कितीतरी पट असतात. म्हणून ठरावीक पावलांनंतर किंवा काही मिनिटांनंतर पुढचा माणूस बाजूला होतो, सगळ्यांना पुढे जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी लागतो. या क्रमात नेहमीच मागे रेंगाळणारा सोबती कोण, हे दोन तासांत उघड होते. एकट्याने जाणाऱ्याला पाळी बदलण्याची सोय नाही. दोघांच्या गटाला ती नावापुरतीच आहे. न मळलेल्या अ‍ॅलनसाठी पाच-सहा जणांचा गट सोयीचा. दिवसाच्या चढाईसाठी गटाची कायदेशीर मर्यादा पंधरा आहे.

डिसेंबरअखेर येथे सूर्य सकाळी सव्वासात-साडेसातला उगवतो आणि दुपारी साडेचारच्या आत मावळतो. उजेड जेमतेम नऊ तासांचा. अठरा मैलांना मळलेल्या वाटेवरही दहा-बारा तास लागत असल्याने जाणारे पहाटे चारच्या सुमारास कपाळावरच्या दिव्यांच्या प्रकाशात निघतात. अ‍ॅलनची मेख अशी की चढाचा मोठा भाग अगदी शेवटी येतो. आधीचे अनेक मैल जंगलातून, लहानसहान चढ-उतारांवरून जातात. मग अ‍ॅलन नावाच्याच ओढ्याच्या काठाने वाट एकदम उभी होते. उन्हाळ्यात येथील खडकांवर लालसर शेवाळ असते आणि त्याच्या घसरडेपणाबद्दल हे शिखर बदनाम आहे. हिवाळ्यात शेवाळ बर्फाखाली जाते, पण त्याच जागी पाणी गोठून काचेसारखे थर तयार झालेले असू शकतात. दमलेल्या पायांना सर्वांत कठीण भाग सर्वांत शेवटी, आणि दिवसही कलण्याच्या बेतात, असा हा मेळ असतो.

त्यामुळे अनुभवी गट निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवतात. दुपारी एक वाजता जेथे असू तेथून मागे फिरायचे, मग माथा दोनशे फुटांवर असला तरी चालेल, असा करार असतो. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात सात-आठ तास वाट फोडल्यानंतर, झाडांच्या फटीतून माथा दिसत असताना पाठ फिरवणे हा या छंदातील सर्वांत अवघड भाग होय. तो शिकवणारे पुस्तक नाही. पहिल्या प्रयत्नात अर्ध्यावरून परतलेला गट पुष्कळदा आठवड्याने स्वतःच फोडलेल्या वाटेवरून माथा गाठतो. कधी मात्र मधल्या काळात दुसरेच कोणीतरी त्या वाटेने आरामात जाऊन आलेले असतात. याबद्दल तक्रार करण्याची पद्धत नाही. आभार मानण्याची आहे.

थंडीचा धोका ज्ञात असूनही फसवा आहे. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या २००१ मधील कोष्टकानुसार तापमान उणे १८ अंश सेल्सियस आणि वारा ताशी २४ किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी उणे २८ अंशांची असते आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. तरीही जंगलाच्या आडोशाने चढणाऱ्याचा पहिला शत्रू बहुधा घाम ठरतो. जाड कोट घालून निघालेला माणूस अर्ध्या तासात ओलाचिंब होतो आणि विश्रांतीला थांबताच ती ओल त्याची ऊब काढून घेते. म्हणून निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालावे आणि थांबताच पिसांचे जाकीट चढवावे, असा प्रघात आहे. सुती कपडे वर्ज्य, कारण भिजलेले सूत ऊब धरत नाही. लोकर किंवा कृत्रिम धागा चालतो. पाण्याची बाटली उलटी ठेवतात, कारण पाणी वरून गोठू लागते आणि सरळ ठेवलेल्या बाटलीचे तोंडच आधी बंद होते. पाठपिशवीतून नळीने पाणी पिण्याची सह्याद्रीत सोयीची ठरणारी व्यवस्था येथे तासाभरात गोठते. अंगातील उष्णता उतरू लागली की माणूस थरथरतो, मग अडखळतो, शब्द जड होतात. त्याची विचारशक्ती मंदावते आणि आपण ठीक आहोत असेच तो सांगत राहतो. हे ओळखायला सोबती लागतो.

या डोंगरांचा आणखी एक खास धोका म्हणजे स्प्रूस वृक्षांचे सापळे. उंचावरील खुरटी स्प्रूस आणि फरची झाडे हिवाळ्यात पूर्ण गाडली जातात. पसरलेल्या फांद्यांखाली बर्फ भरत नाही, पोकळी राहते, आणि वरून सपाट पांढरा पृष्ठभाग दिसतो. त्यावर पाय पडला की माणूस छातीपर्यंत आत जातो. हिमपादुका फांद्यांत अडकते आणि कित्येकदा दुसऱ्याने उकरून काढल्याशिवाय सुटका होत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील दुसऱ्या क्रमांकाच्या अल्गॉनक्विन शिखरावर ढगात वाट चुकलेले दोन तरुण याच प्रकारे अडकले. माथ्याजवळ दोन रात्री काढल्यानंतर वनरक्षकांनी त्यांना शोधले आणि हेलिकॉप्टरने उचलून नेले. मळलेली वाट सोडू नये हा सल्ला येथे शब्दशः घ्यावयाचा असतो. वाटच नसेल तर झाडांच्या दाटीपासून शक्य तितके दूर राहावे लागते.

संकटसमयी उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी लहान उपकरणे अलीकडे बहुतेक गट बाळगतात. बऱ्याच भागात मोबाइलला संपर्क मिळत नसल्याने ती आवश्यकही आहेत. पण त्यांची मर्यादा फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये दिसली. प्रेसिडेन्शियल रांगेत एकट्याने निघालेल्या एका तयारीच्या तरुण गिर्यारोहिकेने असे उपकरण सुरू केले होते. उपकरणाकडून येणारी ठिकाणे एकमेकांशी जुळत नव्हती आणि वाऱ्याच्या जोरामुळे बचावपथकाला वेळेत वर पोहोचता आले नाही. तिचा मृत्यू झाला. उपकरण हाक पोहोचवते. मदत पोहोचण्याचा वेळ हवामान ठरवते, आणि तोवर तग धरण्याची सामग्री, म्हणजे झोपण्याची पिशवी, जमिनीवर पसरण्याची जाड चटई, बर्फ वितळवण्याची शेगडी आणि कोरडे हातमोजे, पाठीवरच असावी लागते.

थंडीत बॅटऱ्याही लवकर दगा देतात. म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र अद्याप मोडीत निघालेले नाही. येथे महाराष्ट्रातून गेलेल्या ट्रेकरने एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबई-पुण्याच्या परिसरात होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर जवळजवळ एकच असते, त्यामुळे दोहोंतील फरक विसरला तरी चालून जाते. अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १३ अंश पश्चिमेला वळलेली असते. एक मैल चालल्यावर ही चूक हजार-बाराशे फुटांची होते. खुणा नसलेल्या जंगलात ओढ्याचा फाटा चुकण्यास एवढे पुरेसे आहे.

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. सह्याद्रीत हिंडलेल्या ज्यांना तेथील हिवाळ्यात डोंगर खुणावतात त्यांनी अ‍ॅलनपासून सुरुवात करू नये, हे सांगणे नलगे. आधी कॅस्केड आणि पोर्टर ही जोडी, किंवा जायंट, अशी नेहमी वर्दळ असणारी शिखरे करावीत. हिमपादुका भाड्याने मिळतात आणि त्या घालून चालणे अर्ध्या तासात जमते. पाय थोडे फाकवून टाकावे लागतात एवढेच. अ‍ॅलनची पाळी त्यानंतर, मार्चमध्ये, दिवस बारा तासांचा झाल्यावर. तेव्हा बर्फ सर्वांत खोल असतो, पण बहुधा घट्ट बसलेलाही असतो. मात्र उन्हाने नद्यांवरचा बर्फ पातळ होऊ लागतो आणि सकाळी ओलांडलेला प्रवाह संध्याकाळी तसाच असेल असे नाही.

वाटेच्या आरंभी एका लाकडी पेटीत नोंदवही असते. निघताना तीत नावे, गटातील संख्या आणि जाण्याचे ठिकाण लिहायचे आणि परतल्यावर त्याच ओळीत परत आल्याची नोंद करायची. सोळा तास चालून मोटारीच्या ओढीने निघालेले लोक ही दुसरी नोंद नेमकी विसरतात, आणि मग घरी जाऊन झोपलेल्यांची चौकशी वनरक्षकांना करावी लागते.